चौदा नंबरच्या पान्यावरचं कुंकू

आमच्या गोजरअक्काला तिच्या लेकीच्या सासरी काळ्या जिभेची म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. विहिणीच्या तोंडावर असं बोलायची रीत नाही. पण ती आली की लेकराला आतल्या खोलीत नेतात. ही जीभ काळी कशी झाली ते मला ठाऊक आहे, आणि गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. मी तिची धाकटी बहीण पुष्पांजली. मलकापुरात तिच्या घराच्या मागच्याच गल्लीत राहते. नवरा गेल्यापासून माझा अर्धा दिवस तिच्या ओट्यावर जातो. तेव्हा सांगते ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अक्का एक गोष्ट दोनदा सांगत नाही. एकदा सांगते. ऐकलं तर ठीक, नाही तर पदर खोचून कामाला लागते. या स्वभावाला लोकांनी जन्मभर समजूतदार म्हटलं. समजूतदार कसली डोंबलाची! भिंतीशी बोलून बोलून माणूस दमतो, आणि लोक त्याचं कौतुक करतात.

ही भिंत म्हणजे आमचे भाऊजी, शेषराव. एसटीच्या डेपोत कारकून होते. त्यांचं टेबल वर्कशॉपच्या बाजूच्या खोलीत होतं, आणि तेवढ्यावरून गाडीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज झाला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. भाऊजींना गुण राहिला बाजूला, नुसता ऑइलचा वाण लागला. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी चारचाकी घेतली आणि पान्यांचा एक डबाही. घरातला कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं तेच उघडायचे. वस्तू चालली तर त्यांनी दुरुस्त केली, आणि बिघडली तर अक्काचा हात लागला, असा त्या घरातला न्याय होता. आम्ही हसायचो. अक्काही हसायची. आता त्या हसण्याचा मला राग येतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी अक्काच्या घरात एकच विषय होता. अश्विनी, तिची एकुलती एक लेक, देऊळगावराजाला दिलेली, पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी. दसरा झाला की चांगला दिवस बघून भाऊजींनी तिला गाडीतून आणायचं ठरलं होतं. अक्कानं डिंक निवडून ठेवला, अळीव आणले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. माजघरातली खाट उन्हात टाकून तिच्या नव्या पट्ट्या विणून घेतल्या. एवढी वर्षं नवऱ्याच्या मर्जीनं चाललेल्या त्या घरात, सव्वा महिना तरी तिची सत्ता चालणार होती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना कोण विचारतं! तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज होतं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पोरीला घाटातून आणायचं, तर गाडीचे ब्रेक नवे पाहिजेत, असं भाऊजींच्या मनात आलं. विचार चांगलाच होता, त्याला मी नाव ठेवत नाही. फक्त गॅरेजला जायचं सोडून त्यांनी पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड विकत आणले आणि अंगणातच जॅक लावला. उजवं चाक पहिल्या दिवशी झालं. डावं राहिलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, आणि तो दिवस खंडेनवमीचा होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, घरातली कात्री, अडकित्ता, आणि अर्थातच भाऊजींचे पाने. सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. वर्षातून एक दिवस लोखंडाला सुट्टी.

अक्का सकाळीच म्हणाली, "आज नोका खोलू. हत्यारं पुजा लागतात."

"दोन तासांचं काम आहे," भाऊजी म्हणाले. "तू पुरनाचं पाह."

दुपार झाली. नैवेद्य तयार, पाट मांडलेला, आणि शेजारपाजारचे दोघे-तिघे आरतीला येऊन बसलेले. भाऊजी अजून चाकापाशीच. लोक वाट पाहताहेत म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. पॅड दाबून धरणारा लोखंडी पंजा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात, तो दोन बोल्टांवर बसतो. एक बोल्ट त्यांनी पान्यानं आवळला होता. दुसरा नुसता बोटांनी फिरवून बसवला, वर चाक चढवलं, जॅक काढला, आणि पाने धुवायला अक्काच्या हातात दिले. मी तिथंच उभी होते. "उद्या पिळतो तो," असं म्हणाले. अक्कानं ऐकलं, मीही ऐकलं.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं चिरडली. सोनं वाटायला लोक आले-गेले. पाने पाटावरून उचलून कुंकवासकट डब्यात गेले. आणि तो बोल्ट भाऊजींच्या डोक्यातून साफ गेला.

आवाज तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू झाला. खरं म्हणजे दोन आवाज होते. एक बारीक किर्र, ब्रेक दाबला की यायचा. नवे पॅड चाकामागच्या तबकडीवर घासून बसेपर्यंत असं वाजतंच, हे भाऊजींचं म्हणणं बरोबर होतं. पण दुसरा वेगळा होता. ब्रेक लागताना एक खट, आणि गाडी मागं घेताना ब्रेक दाबला की पुन्हा एक खट. आम्ही तिघं बाजारात गेलो तेव्हा मी मागं बसले होते, मलाही तो पायाखालून कळला.

"डाव्या चाकातून काहीतरी वाजून राह्यलं," अक्का म्हणाली. ती डावीकडं पुढं बसली होती.

"नवे पॅड बोलतेतच."

"बोलनं येगळं. हे आपटून राह्यलं."

"गाडी कोन चालवते, तू का मी? आवाज मले जवळून येते. उजव्या चाकाचा आहे."

घरी येऊन त्यांनी उजवं चाक काढलं. तबकडीला पॉलिश पेपर घासला, पाणी मारलं, चाक लावलं. किर्र आवाज थोडा कमी झाला. झालं, भाऊजी जिंकले! गल्लीत तीनदा गाडी फिरवून आणली, खिडकीतून हात बाहेर काढून. खट आवाज होताच, पण तेवढ्यात त्यांनी गाणी लावली होती.

अक्का एक गोष्ट दोनदा सांगत नाही, असं मी वर लिहिलं. त्या वेळी तिनं सांगितली. रोज सांगितली. जेवताना सांगितली, अंथरूण घालताना सांगितली. मेकॅनिकला बोलावून आण असं मला म्हणाली, तर भाऊजी माझ्यावर तडकले, "माह्या गाडीले कोनी हात लावाचं काम नाही." एका दुपारी ते झोपलेले असताना ती चाकापाशी बसून आत हात घालून बघत होती. हात पोचेना, आणि पोचला असता तरी काय आवळायचं ते तिला कुठं ठाऊक! मग तिनं पान्यांचा डबा उघडला.

भाऊजी उठल्यावर तिनं त्यांच्यापुढं एक पाना धरला. चौदा नंबरचा.

"त्या दिवशी याच पान्यानं तो बोल्ट पिळत होते ना?"

"हाव. मंग?"

"याच्यावर कुकू तसंच आहे. पूजेपासून कोनी हात नाही लावला याले."

खरंच होतं. पान्याच्या जबड्यापाशी कुंकवाचं बोट जसंच्या तसं होतं, हळदही दिसत होती. मी भाऊजींकडं बघत होते. माणसाला आठवलं की त्याच्या डोळ्यांत कळतं. त्यांना आठवलं. मला शपथेवर सांगता येईल, त्यांना त्या क्षणी आठवलं. पण समोर मेहुणी उभी, आणि चूक दाखवणारी बायको. त्यांनी पाना हातात घेतला, अंगठ्यानं ते कुंकू पुसलं, अंगठा लुंगीला पुसला आणि म्हणाले, "घे. आता पिळला."

असा माझा भाऊजी. मी काही बोलणार तर अक्कानं मला डोळ्यांनीच थांबवलं. मला वाटतं, त्यानंतर आपण नसताना ते गुपचूप बोल्ट आवळतील अशी तिला आशा होती. मलाही होती. पण घरात दोन बायका डोळ्यात तेल घालून बसलेल्या. त्यांच्या देखत पाना उचलणं म्हणजे हार. त्यांनी तो डबा उघडलाच नाही.

अश्विनीला आणायचा दिवस उजाडला. जायचं दोघांनी होतं. अक्कानं शिदोरी बांधली, ओटीचं सामान पिशवीत भरलं, ते सगळं गाडीच्या पुढच्या सीटवर नेऊन ठेवलं, आणि स्वतः फाटकात उभी राहिली.

"मी येत नाही. आन् पोरीले या गाडीत नोका आनू. एसटीनं आना, नाही त मंग पुढच्या हप्त्यात आना."

"तू नोको येऊ," भाऊजी म्हणाले. "जागा होईन तिले." आणि गाडी काढली. गल्लीच्या वळणावर ब्रेक लागला तेव्हा तो आवाज आम्हाला फाटकात ऐकू आला.

अक्का आत आली आणि तिनं विहिणीला, सोजराबाईंना फोन लावला. मी शेजारीच होते. मला वाटलं ही आता बोल्टाचं सांगणार. ती म्हणाली, "ईहीनबाई, मले पहाटे लय वाईट सपन पडलं. आज पोरीले घराबाहेर काढू नका. हे आले त च्या पाजा अन् वापस पाठवा."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर खेकसले. खरं काऊन नाही सांगितलंस?

"खरं सांगतलं असतं त त्यायनं याह्यले इचारलं असतं," ती म्हणाली. "हे म्हनले असते, बाईचं काय ऐकता. झालं असतं मंग. सपनाले कोनी इचारत नाही."

"आन् भाऊजी? ते त बसूनच गेले ना त्या गाडीत?"

"त्याह्यले त म्या रोज सांगतलं," अक्का म्हणाली आणि भांडी घासायला बसली. "पोटातल्या जिवाले कोन सांगन?"

सोजराबाई स्वप्न मानणाऱ्या बाई. त्यांनी सुनेला पाठवलं नाही. तयार होऊन बसलेली पोर, दारात उभी गाडी, आणि बापाला सगळ्यांसमोर सांगितलं, विहीणबाईंना स्वप्न पडलंय, आज मुहूर्त नाही. भाऊजी चहाही न घेता निघाले. चिखली गेलं, बुलडाणा गेलं, आणि घाट उतरताना तो बोल्ट फिरत फिरत सुटून पडला. पंजा एका बोल्टावर लोंबकळला आणि चाकात अडकला. गाडी डावीकडं ओढली गेली आणि डोंगराच्या बाजूला जाऊन आदळली.

आम्ही बुलडाण्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा भाऊजी शुद्धीवर होते. उजवा हात मोडला होता, कपाळाला टाके. अक्का दिसताच पहिलं वाक्य म्हणाले, "रोही आडवी आली."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्या भागात रोही म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही. शेतं खाते, रस्त्यात येते, माणसं पाडते. तिच्यावर एक आरोप जास्त झाला तर ती काही जबाब द्यायला येत नाही. डॉक्टरांनी मान हलवली, बाजूच्या खाटेवरच्या माणसानं स्वतःची रोही सांगितली.

गाडी गणेश नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजला ओढून नेली होती. पिशवी आणायला म्हणून मी आणि अक्का तिथं गेलो. डावं दार सीटपर्यंत आत आलं होतं. ओटीचं सामान आणि शिदोरी मधे चेंगरलेली, तांदूळ सगळीकडं. गणेशनं चाक काढून ठेवलं होतं.

"रोही-बिही काही नाही, मावशी," तो म्हणाला. "हा बोल्टच नाही जागेवर. आटे पाहा, साबूत आहेत. तुटला असता त आटे फाटले असते. हा कोनी आवळलाच नव्हता. रोज ब्रेक मारला का थोडा थोडा सुटत गेला. आवाज नाही आला का तुम्हाले?"

अक्का त्या सीटकडं बघत होती. तिनं आत हात घालून पिशवी ओढली. निघाली नाही. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. मी तिला आईच्या मरणातही तशी रडताना पाहिलं नव्हतं. लेक वाचली होती, नातवंड वाचलं होतं, आणि ते कुणामुळं वाचलं हे त्या क्षणी जगात आम्हा दोघींनाच माहीत होतं. मला वाटलं, आता तरी हिचं नाव होईल.

नाव झालं, पण कसलं! संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. "आई, तुला एवढं वाईट स्वप्न पडलं होतं तर बाबांना कसं जाऊ दिलंस?" तिच्या मागून सोजराबाईंचा आवाज येत होता, "बाईनं तोंडातून काढलं अन् तसंच झालं बघ." चार दिवसांनी निरोप आला. बाळंतपण इथंच करू, पोरीला पाठवत नाही. कारण कोणी सांगितलं नाही. जावईबापूंनी मला फोनवर अडखळत सांगितलं, "मावशी, आई म्हणते काही जणांची जीभ काळी असते."

इकडं भाऊजी हात गळ्यात अडकवून ओट्यावर बसायचे. भेटायला येणाऱ्याला रोही सांगायचे. ती दर खेपेला थोडी मोठी होत गेली. शेवटी म्हणायचे, "हिच्या त्या फोनानं डोकं ठिकानावर नव्हतं माहं. नाही त वाचवली असती गाडी." आणि अक्का आतून चहा आणायची. त्यांना डाव्या हातानं पेला धरता येत नाही म्हणून बशीत ओतून द्यायची. मी तिला म्हटलं, एकदा तरी बोल. ती म्हणाली, हात बरा होऊ दे त्याह्यचा. हात बरा झाला. ती बोलली नाही. आणलेला डिंक तिनं लाडू करून देऊळगावराजाला पाठवला.

मुलगी झाली. बारशाला आम्ही एसटीनं गेलो. बारशाच्या घरी पुरुषांचा घोळका बैठकीत, मधोमध भाऊजी, आणि पुन्हा तीच रोही. आता ती पिल्लासकट होती, आणि पिल्लाला वाचवायला म्हणून भाऊजींनी गाडी डोंगरावर घातली होती. लोक वा वा करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दारातूनच म्हणाले, "रोही नव्हती. बोल्ट ढिला होता. खंडेनवमीले यायनं हातानं बसवला अन् पिळलाच नाही. अक्का रोज सांगे, रोज. तिले सपन-बिपन काही पडलं नव्हतं. पोरगी त्या गाडीत बसू नये म्हनून ती खोटं बोलली. बुलडान्याच्या मेकॅनिकले इचारा."

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. अश्विनी पाळण्यापाशी उभी होती, ती बापाकडं आणि मग आईकडं बघायला लागली. सोजराबाई पुढं आल्या. "खरं का हो विहीणबाई? असं असलं तर मग आमचंच चुकलं."

मी अक्काकडं बघितलं. एक शब्द, एवढंच हवं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

अक्का म्हणाली, "नाही. रोहीच होती. पुष्पाचं डोकं फिरलं. मले सपन पडलं होतं."

लोकांनी श्वास सोडला आणि पुन्हा बोलायला लागले. सोजराबाईंनी पाळण्यातून मूल उचललं, त्याच्या गालाला काजळाचा मोठा टिळा लावला, अक्काच्या देखत, आणि आत नेलं.

परतीच्या एसटीत भाऊजी पुढं बसले होते, आम्ही दोघी मागं. घाट येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. मग राहवलं नाही. काऊन केलंस असं?

"अश्विनीनं बापाकडं कसं पाह्यलं ते तू पाह्यलं का?" ती म्हणाली. "बाप आपल्याले मारत होता, हे पोरीच्या मनात एकडाव बसलं का मंग ती या घरी येईन का कदी? मी वाईट राह्यली त चालते. माय काळ्या जिभेची आहे म्हनून कोनी माहेर सोडत नाही."

ती एवढी खात्रीनं म्हणाली होती की तिच्यापुढं उलट बोलायला मला धीर झाला नाही.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात. अक्कानं माजघरातली ती खाट पुन्हा उन्हात टाकली होती. पुरण शिजवलं, आमरस काढून ठेवला. दुपारी सोजराबाईंचा फोन आला, लेकरू लहान आहे, ऊन फार आहे, या वेळी राहू द्या. अक्का बरं म्हणाली. मग तिनं भाऊजींना ताट वाढलं, मला वाढलं, आणि खाट आत आणायला एकटीच उन्हात गेली.